कागदावरचं सुतक

बंडोपंत तडवळकरांच्या घरी सुतक असलं, की त्यांच्या देवांची पूजा मला करावी लागे. आणि बंडोपंत कादंबरीकार असल्यामुळे त्यांच्या घरी सुतक वरचेवर असे.

तुम्ही म्हणाल, कादंबरीचा आणि सुतकाचा काय संबंध? मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं. एके दिवशी सकाळी राधावहिनी आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, आजपासून दहा दिवस आमच्या देवांना आंघोळ तुम्ही घाला. आम्हांला सुतक आलंय." मी चटकन उभा राहिलो. "अरेरे! कोण गेलं हो वहिनी?" वहिनींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "प्रकरण चौदावं."

प्रकार असा होता, की कादंबरीत माणूस मेला की बंडोपंत त्याचं सुतक पाळत. पुरते दहा दिवस. दाढी नाही, गंध नाही, देवळात जाणं नाही, गोडधोड नाही, निजायला चटई. मी म्हटलं, "अहो, पण तो कागदावरचा माणूस!" तर म्हणाले, "कागदावरचा असला म्हणून काय झालं? मारताना आपण मारायचं आणि रडायला वाचकांना बसवायचं? हे बरं आहे! नाना, माणूस गेला की कुणीतरी बसायचं असतं."

"कुणीतरी बसायचं असतं" हे त्यांचं पालुपद. सुतक कलमाला लागतं असं त्यांचं शास्त्र. म्हणजे मरणाचं वाक्य लिहून पूर्णविराम दिला, की त्या घटकेपासून दिवस मोजायचे. एकदा गौरी जेवायच्या दिवशी सकाळीच त्यांनी एका श्रीमंत सासऱ्याला हृदयविकारानं गार केलं. वहिनींनी पुरणाला डाळ शिजत घातलेली. त्या दिवशी त्या घरात जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय, पण छापण्याजोगं नाही. तेव्हापासून श्रावण ते दिवाळी कुणालाही मारायचं नाही, असं वहिनींनी त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं होतं.

आता मी कोण ते सांगतो. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझा छापखाना होता. पायानं चालवायचं एक छपाईयंत्र, म्हणजे ट्रेडल, अक्षरं जुळवणारे दोन जुळारी, आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जेमतेम एका फर्म्याला पुरतील एवढे. सोळा पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवायचे आणि मग पुढची सोळा. त्यामुळे बंडोपंतांच्या कादंबऱ्या लिहून पुऱ्या व्हायच्या आतच माझ्याकडे छापायला लागत. ते पुढे लिहीत, मी मागून छापत येई. आणि एकदा फर्मा छापला, की त्यातलं मेलेलं माणूस देवाच्या बापालाही उठवता येत नसे.

म्हणून प्रूफं तपासायला आले, की त्यांचा जीव खालीवर होई. एकदा एका म्हाताऱ्या गड्याला त्यांनी साप चाववून मारला होता. सुतकाचा चौथा दिवस. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. प्रूफ वाचता वाचता एकदम ओरडले, "नाना, याला मारायचं काही कारणच नाही रे! साप बिनविषारी करू." मी म्हटलं, "करा बापडे." त्यांनी दोन ओळी खोडल्या, उठले, समोरच्या न्हाव्याकडे जाऊन दाढी केली आणि संध्याकाळी श्रीखंड खाल्लं. "सुतक फिटलं!" असं ते गल्लीभर सांगत सुटले. मी मात्र चार दिवस त्यांचे देव धुतले होते, ते कुणी भरून द्यायचे?

एकदा मीच थट्टेत म्हणालो, "बंडोपंत, हा खलनायक तर मेला हे बरंच झालं. त्याला दहा दिवस कशाला? नुसती एक आंघोळ पुरे." बंडोपंतांचा चेहरा उतरला. हातातला चहा तसाच ठेवून ते निघून गेले. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि एवढंच म्हणाले, "त्याला तरी दुसरं कोण आहे, नाना?" मला काही उलगडा झाला नाही. पण पुन्हा ती थट्टा मी केली नाही.

पोटापाण्यासाठी बंडोपंत गावाबाहेरच्या जकात नाक्यावर कारकून होते. वळसंगाकडून, होटगीकडून येणाऱ्या गाड्या तिथे थांबत. एका हातानं पावती लिहायची आणि तोंडानं नवं प्रकरण सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. कादंबरी तपासायची त्यांची रीत तिथलीच. ऐकता ऐकता गाडीवान "मग?" म्हणाला, की समासात 'म' लिहायचं आणि मजकूर ठेवायचा. गाडीवान "पावती द्या की" म्हणाला, की 'पा' लिहायचं आणि तिथपासून पुढचं काटायचं. चांदण्या रात्रीचं एक सहा पानी वर्णन होतं. बंडोपंतांना ते जीव की प्राण. मलासुद्धा आवडलं होतं. पण वळसंगच्या शिदाप्पानं दुसऱ्याच वाक्याला जांभई दिली. "सायेब, पावती द्या की. उनाचा कडका लई हाय, बैलं हापत्यात." सहाच्या सहा पानं गेली. मी हळहळलो तर म्हणाले, "वाचक दाद देतो ती तोंडदेखली असते, नाना. बैल उन्हात उभे असताना जो 'मग' म्हणतो, तो खरा."

पुस्तक खपवण्याच्या त्यांच्या युक्त्याही त्यांच्याच. समोरच्या न्हाव्याच्या दुकानात ते स्वतःच्या कादंबरीची एक प्रत ठेवत. तिच्यातला शेवटचा फर्मा काढलेला. गिऱ्हाईक वाट बघता बघता वाचत बसे, ऐन मोक्यावर पानं संपत आणि तिथे चिठ्ठी डकवलेली असे, "पुढील हकिकत समोरच्या छापखान्यात." लोक अर्धी दाढी झालेली, तोंडाला साबण, असे माझ्याकडे येत. आणि सुतकाचा तर वेगळाच फायदा झाला. शेजारी नवीन राहायला आलेल्या एक मावशी, घरात सुतक आहे असं ऐकून रीतीप्रमाणे पिठलं-भात घेऊन आल्या. "कोण गेलं हो?" बंडोपंत मान खाली घालून म्हणाले, "सुभद्रा." "वय काय होतं?" "एकोणीस. सासूच्या जाचानं विहीर जवळ केली." मावशी पदर डोळ्यांना लावून घळाघळा रडल्या. वहिनींना राहवेना, त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. मावशींनी डोळे पुसले, म्हणाल्या, "मेली ती मेलीच की हो! पण पुस्तक कुठं मिळतं?" आणि पुन्हा रडू लागल्या. त्या पेठेत त्या वेळी जेवढ्या सासुरवाशिणी होत्या, त्या सगळ्यांनी ते पुस्तक वाचलं असेल.

तर अशा या माणसानं आपल्या सातव्या कादंबरीत स्वतःलाच पेचात पकडलं.

कादंबरी माधव नावाच्या एका माणसाची. तो मागच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जातो. घरी बायको दिवसांतली. पुढे मुलगी होते, वाढते, पत्र येत नाही की खबर येत नाही. अशी बारा प्रकरणं झाली. बंडोपंतांनी माझ्याकडून जाहिराती छापून घेतल्या, "माधव परत येणार की नाही? अक्षय्यतृतीयेस कळेल!" आणि नाक्यावर प्रत्येक पावतीबरोबर एकेक वाटली. झालं! चार तालुक्यांत जाहिरात गेली. बाजारच्या दिवशी माणसं मला विचारू लागली, "मालक, त्यो माधव येतोय न्हवं?" मी म्हणे, "मला काय ठाऊक? मी छापणारा!"

चैत्र संपत आला आणि शेवटचा फर्मा तेवढा राहिला. बंडोपंत लिहीनात. नाक्यावरून यायचे, माझ्या छापखान्यात कागदाच्या रिमावर बसायचे, टाक दौतीत बुडवायचे आणि पुसून ठेवायचे. असे सात दिवस गेले.

आठव्या दिवशी दुपारी राधावहिनी छापखान्यात आल्या. वहिनी कधी छापखान्याची पायरी चढत नसत. मी जुळाऱ्यांना पानसुपारीला पिटाळलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माधवाला मारू देऊ नका."

मी हसलो. म्हटलं, "वहिनी, मारेनात का! घालीन मी दहा दिवस देवांना आंघोळ. सवय झालीय आता."

"देवांचं नाही हो! यमूचं लग्न आहे. अक्षय्यतृतीयेनंतर पाचव्या दिवशी, करमाळ्याला. जाऊबाईंनी कळवलंय, कन्यादान काका-काकूंनीच करायचं. आम्हांला पोर ना बाळ, भावजी. आयुष्यात एकदा कन्यादानाला बसायचं भाग्य आलंय. यांनी त्या माधवाला मारलं, की हे धरून बसणार सुतक. मुहूर्त काय थांबतोय? तिचे मामा आहेत तिथं, ते करतील उभं राहून. आणि आम्ही इथं चटईवर!"

"पण यमू कोण?" मी विचारलं. इतकी वर्षं शेजारी राहून हे नाव मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा वहिनींनी सांगितलं. बंडोपंतांना एक धाकटा भाऊ होता, सदू. आई लवकर गेली, दोघं भाऊ एका पांघरुणात निजून वाढले. बंडोपंत रोज त्याला गोष्ट सांगायचे आणि झोप लागेपर्यंत सदू एकच शब्द म्हणायचा, "मग? मग?" मोठा झाल्यावर सदू रसदखात्यात लागला आणि लढाईत बसऱ्याला गेला. मागे बायको, पोटात यमू. सदू तिकडंच तापानं गेला. तो गेल्याचा सरकारी कागद कुठंकुठं फिरून इथं पोचला तो साडेदहा महिन्यांनी.

"हे त्या कागदासकट भटजींकडे गेले," वहिनी म्हणाल्या. "विचारलं, सुतक किती दिवस पाळू? भटजींनी पोथी बघितली. भावाचं मरण इतक्या उशिरा कळलं तर सुतक उरत नाही म्हणाले. नुसती आंघोळ करा, संपलं. यांनी विहिरीवर आंघोळ केली. ओल्या अंगानं घरात आले आणि मला म्हणाले, 'संपला म्हणे गं सदू.' त्यानंतर यांनी त्याचं नाव काढलेलं नाही. यमूला बघायलाही कधी गेले नाहीत. त्याच पावसाळ्यात पहिली कादंबरी लिहायला घेतली."

मला माझी ती आंघोळीची थट्टा आठवली आणि लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, मी बघतो," म्हटलं. म्हणजे काय बघणार होतो, परमेश्वराला माहीत. पण रात्रभर विचार करून एक युक्ती काढली. बंडोपंतांच्या कादंबरीत मरण आलं, की त्या पानाला जाड काळी चौकट घालायची असा त्यांचा दंडक होता. काळ्या चौकटीशिवाय ते मरण छापू देत नसत. तेव्हा चौकटीची पट्टीच झिजली आहे असं ठोकून द्यायचं. नवी पुण्याहून यायला महिना लागेल, तोवर लग्न उरकेल! पट्टी मी शाईच्या डब्यांमागं दडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बंडोपंत आले. हातात रुमालात बांधलेली पानं. मी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"बंडोपंत, घोटाळा झालाय. काळी पट्टी पार झिजली. नवी मागवलीय, पण महिना, सव्वा महिना काही येत नाही. तेव्हा मरणबिरण असेल तर..."

बंडोपंतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"परवा तर ठणठणीत होती. तुझ्या वहिनीनं पढवलं वाटतं?"

मी उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागलो.

"नाना, तुला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर तू छापखाना काढलास आणि मी कादंबऱ्या लिहितो." मग हातातला रुमाल त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "राहू दे ती पट्टी आहे तिथंच. या फर्म्याला नाही लागायची."

मी गाठ सोडली आणि थेट शेवटचं पान वाचलं. माधव आला होता! वेशीपाशी गाडीतून उतरला होता, हातात वळकटी घेऊन. हुश्श! मी जो मटकन खुर्चीत बसलो, तो बराच वेळ उठलो नाही. देवा रे, काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

"मारायलाच बसलो होतो रे," बंडोपंत म्हणाले. ते माझ्याकडं न बघता ट्रेडलकडं बघत होते. "तुला सांगितलं असेल तिनं सगळं. आठ दिवस त्यासाठीच बसत होतो. एकदा तरी त्याच्यासाठी दहा दिवस धरायचे होते मला. सहा कादंबऱ्यांत परक्या माणसांना दिले, त्यालाच तेवढे दिले नाहीत. काल नाक्यावर शिदाप्पाला सांगून पाहिलं. म्हटलं, माधव मेला. तर तो 'मग'ही म्हणाला नाही आणि 'पावती'ही म्हणाला नाही. बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. मग म्हणतो कसा, 'तुमी लिवणार, तुमी शानी मानसं. पर सायेब, तो मेला तर त्या पोरीच्या लग्नात उबा कोन ऱ्हाणार वो?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"तोंडातून निघून गेलं रे. म्हटलं, 'मी ऱ्हातो की.'" आणि एवढा मोठा माणूस, माझ्या दोन जुळाऱ्यांदेखत ओंजळीत तोंड घालून रडला.

रडणं ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, "प्रूफ नीट काढ. मागच्या खेपेला तीन ठिकाणी काने उडाले होते." तेव्हा मी ओळखलं, की माणूस ताळ्यावर आला.

फर्मा अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी छापून झाला. वहिनींनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी त्यांच्या दोन ट्रंका आणि कादंबरीच्या दहा प्रती घेऊन त्यांच्याबरोबर करमाळ्याला गेलो. जेऊरला आगगाडीतून उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं, आणि बंडोपंत बैलगाडीवाल्याला कादंबरी सांगत होते. गाडीवाल्यानं वाटेत अकरा वेळा "मग" म्हटलं, असं त्यांनी मला नंतर मोजून सांगितलं.

कन्यादान उत्तम झालं. वहिनी शालू नेसून पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. बंडोपंतांच्या ओंजळीतलं पाणी सांडत होतं, पण यमूनं खालून हात धरले होते. हे सगळं मी पाहिलं. पण लक्षात राहिलंय ते आदल्या दिवशीचं.

यमू पंधरा वर्षांची, हळद लागलेली, कपाळ थेट बंडोपंतांसारखं रुंद. काका आल्यापासून तिच्याशी एक शब्द बोलू शकले नव्हते. हिचं लांब राहून बघणं आणि त्यांचं पंचांग चाळणं चाललेलं. दुपारी पंगती उठल्यावर तीच मागच्या अंगणात आली आणि म्हणाली, "काका, आई म्हणते तुम्ही गोष्टी लिहिता. मला एक वाचून दाखवा की." बंडोपंतांनी माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीतून प्रत काढून दिली.

त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. माधव गाडीतून उतरतो. वेशीपासून घरापर्यंत येतो. दारात एक मोठी मुलगी तांदूळ निवडत बसलेली असते. तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही. ती विचारते, "कुणाकडं आलात?" तो सांगतो, "तुझ्याकडंच." तिथं कादंबरी संपते.

बंडोपंतांनी पुस्तक मिटलं. यमूची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातली परात तशीच राहिली होती. यमूनं एकदा पुस्तकाकडं पाहिलं, एकदा काकांकडं पाहिलं आणि म्हणाली,

"मग?"

पंधरा वर्षं नाक्यावर उभा राहून ज्या शब्दासाठी या माणसानं कान टवकारले होते, तो शब्द कुठून आला ते माझ्याइतकंच वहिनींनाही कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. पुस्तकात पुढं काही नव्हतं. फर्मा छापून झाला होता, खिळे सोडवून झाले होते. बंडोपंतांनी यमूला जवळ बसवून घेतलं.

"मग काय," ते म्हणाले, "पोरीनं पाणी तापवलं. इतक्या लांबून आलेला, अंगावर सगळी वाटेची धूळ. तर माधवानं आधी चांगली आंघोळ केली."

"मग?" यमू म्हणाली.

"मग जेवायला बसला," बंडोपंत म्हणाले, आणि ते संध्याकाळपर्यंत सांगत राहिले.